डाव की दगा? – पडद्यावरील एका मल्लाची परीक्षा

बडोद्याच्या मराठी वाचकांपुढे कुस्तीविषयी लिहायचे म्हणजे थोडे धाडसच. जुम्मादादांचा आखाडा, राजरत्न माणिकरावांची शिस्त, येथेच सिद्ध झालेले व्यायामज्ञानकोशाचे खंड, आणि सयाजीबागेतील संग्रहालयात गामाने १९०२ साली उचलला म्हणून दाखवतात तो अवजड दगड, ह्या गोष्टी ज्या घरांतून पणजोबांपासून बोलल्या जातात त्यांना डावपेच काय सांगावेत? तथापि आज ज्या मल्लाची परीक्षा मांडायची आहे, त्याने अंगाला माती कधीच लावलेली नाही. तो जन्मला जपानात, ओळखला जातो रशियाचा म्हणून, आणि राहतो पडद्याच्या काचेमागे. त्याचे नाव झँगिएफ.

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर दोन’ हा खेळ काढला. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर तो आला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. त्यात खेळाडूला निवडता येण्याजोगे आठ लढवय्ये होते. कोणी हातांतून तेजाचा गोळा फेकणारा, कोणी लाथांची सरबत्ती करणारी. आपल्या देशाचा म्हणून धालसिम नावाचा एक योगीही होता, ज्याचे हातपाय रबरासारखे लांबत. ह्या आठांत झँगिएफ सर्वांत धिप्पाड. तांबडी चड्डी, डोक्यावर केसांचा तुरा, अंगावर अस्वलांशी झुंजून पडलेले व्रण. त्याचे नाव व्हिक्टर झँगिएव्ह ह्या खऱ्या कुस्तीगिरावरून घेतलेले. १९८९ साली सोव्हिएत मल्ल जपानच्या व्यावसायिक कुस्तीत उतरले, त्यांत तो होता.

झँगिएफकडे दुरून फेकायचे अस्त्र नाही आणि त्याची चाल मंद आहे. त्याचे सारे सामर्थ्य हातभर अंतरावर आहे. ह्या अंतरावर त्याच्यापाशी नेमके काय आहे, आणि ते खरोखर किती मोलाचे आहे, हे तपासावे असे मनात होतेच. घरातल्या एका भांडणाने त्याला निमित्त दिले.

सुट्टीत इंदूरहून आलेला नातू आणि इथला नातू हा खेळ खेळत बसले होते. इंदूरकर बचावात पटाईत. समोरून येणारा प्रत्येक ठोसा तो रोखत होता. बडोदेकराने झँगिएफ घेतला होता. त्याने एक हलका ठोसा मारावा, इंदूरकराने तो रोखावा, आणि पुढच्याच क्षणी झँगिएफने त्याला कवळ्यात घेऊन उंच उडावे, गिरक्या घेत खाली यावे आणि डोक्यावर आपटावे. हे तीन वेळा झाले आणि डाव संपला.

“आजोबा, ही शुद्ध लबाडी आहे,” इंदूरकर म्हणाला. “मी त्याचा एकही ठोसा लागू दिला नाही, तरी हरलो!”

“अरे, नुसता रोखत बसलास म्हणूनच हरलास,” बडोदेकर म्हणाला. “आजोबा, तुम्हीच सांगा, ह्यात लबाडी कसली?”

तक्रार लहान मुलाची असली तरी प्रश्न लहान नाही. खेळ जुना होत गेला तसा जगभर तो विचारला गेला आहे. जपानच्या खेळघरांत हलका ठोसा रोखायला लावून लगेच पकडण्याच्या युक्तीला ‘हामे’ म्हणत, म्हणजे सापळ्यात अडकवणे. आणि ती वापरणाऱ्याकडे इतर लोक वाकड्या नजरेने पाहत. तेव्हा न्याय करायचा तर आधी यंत्र कसे चालते ते पाहिले पाहिजे.

डोळ्यांआधी मन

पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि खेळातले सारे काळ फ्रेममध्ये मोजतात. २०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर सहा’मध्ये झँगिएफची ती प्रसिद्ध पकड, स्क्रू पाइलड्रायव्हर, ५ फ्रेममध्ये लागते, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात. माणसाच्या डोळ्याने एखादी गोष्ट पाहून हाताने बटण दाबायला मात्र साधारण सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. पकड दिसली म्हणेपर्यंत ती बसलेली असते. बचाव करणाऱ्याने पकड दिसण्याच्या आधीच ठरवले पाहिजे, की ती येणार आहे किंवा नाही.

ह्या खेळातला बचाव असा: स्टिक प्रतिस्पर्ध्यापासून दूर, मागे ओढून धरली की ठोसे-लाथा रोखल्या जातात. पण रोखणाऱ्याला पकडता येते. पकड चुकवायची तर उडी मारावी, मागे सटकावे, किंवा उलट वार करावा. उडी मारणारा मात्र रोखू शकत नाही; त्या क्षणी ठोसा आला तर तो खावाच लागतो. थोडक्यात, ठोशाचे उत्तर पकडीला चालत नाही आणि पकडीचे उत्तर ठोशाला चालत नाही. एकाच पवित्र्यातून दोन्ही निघू शकतात, अशा ह्या कोड्याला खेळाडू ‘मिक्सअप’ म्हणतात.

आपल्या आखाड्यात ह्याच्या जवळचा शब्द हूल. हाताला झोंबायचे आणि पट काढायचा, हे पोरसवदा मल्लालाही ठाऊक असते. पण दोहोंत एक भेद आहे. हुलीत एक डाव खोटा असतो आणि एक खरा. मिक्सअपमध्ये दोन्ही खरे. प्रतिस्पर्धी ज्याला फसेल तोच डाव खरा ठरतो.

हत्यारांची झडती

आता झँगिएफची जवळची हत्यारे एकेक करून पाहू.

पहिले, हलका ठोसा. त्याने दुखापत नगण्य होते, पण तो रोखणारा क्षणभर जागीच ताठरतो. त्या क्षणी त्याला पकडता येत नाही, आणि ताठरपणा सुटल्यावरही अगदी निमिषभर नाही. म्हणजे पकड फार लवकर टाकली तर वाया जाते आणि उशीर झाला तर समोरचा उडून जातो. दोहोंमधली फट फार अरुंद आहे. नातवाने तीनदा साधली ती हीच फट. तिला नशीब म्हणणाऱ्याने एकदा स्वतः साधून पाहावी.

दुसरे, खालची लाथ. ही उभ्याने रोखता येत नाही, बसून रोखावी लागते. बहुतेक चपळ लढवय्ये येथे वरचा आणि खालचा असा खेळ करतात. झँगिएफ ह्या बाबतीत गरीब आहे. जमिनीवरून मारलेले त्याचे बहुतेक तडाखे बसून रोखले तरी चालते. वर-खाली ह्या कोड्यात त्याला कमीच गुण द्यावे लागतील.

तिसरे, उडी मारून अंगावर आडवे पडणे. हे हत्यार दिसते बोजड, पण आहे धूर्त. नेमक्या अंतरावरून उडी घेतली तर तो प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून पलीकडे उतरता उतरता आदळतो. मग ‘मागे’ कोणते आणि ‘पुढे’ कोणते? स्टिक ज्या बाजूला ओढली होती तीच बाजू चुकीची ठरते. ह्याखेरीज तो कधी कधी नुसतीच उडी मारतो, हवेत काहीच करत नाही, आणि पाय टेकताच पकडतो. उडीतला मार रोखायला उभा राहिलेला माणूस अलगद कवळ्यात सापडतो.

चौथे, दोन्ही हात पसरून भोवऱ्यासारखे फिरणे, ज्याला लारियट म्हणतात. पकडीच्या भीतीने उडालेल्याला हे हवेतच टिपते.

पाचवी, पकड स्वतः. हिच्यासाठी स्टिक पूर्ण वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. गंमत अशी की वर्तुळात ‘वर’ ही दिशा येतेच, आणि वर म्हणजे उडी. उभ्या उभ्या सावकाश वर्तुळ काढू गेले तर झँगिएफ पकडण्याऐवजी टुणकन उडतो. म्हणून जाणता खेळाडू हे वर्तुळ दुसऱ्या कशाच्या तरी आड लपवतो. हलका ठोसा चालू असताना, किंवा उडीवरून खाली येता येता. ‘स्ट्रीट फायटर सहा’मध्ये ह्या पकडीचे हलके, मध्यम आणि जोरदार असे प्रकार आहेत. हलकी लांबून लागते पण दुखापत कमी करते. जोरदार अगदी अंगाशी लागते आणि जवळजवळ सगळ्यांच्या १०,००० प्राणशक्तीतून ३,००० हून अधिक काढून घेते. सर्वांना मिळालेली साधी पकड काढते १,२००.

सहावे हत्यार यंत्राच्या माहितीपत्रकात नाही. ते म्हणजे काहीच न करणे. रियूसारख्या लढवय्याकडे खालून उसळणारा असा ठोसा असतो, की त्याच्या खास रूपात पकड आणि तडाखा दोन्ही त्याच्यापुढे निष्फळ होतात. वाटते, आता कोडे सुटले. पण झँगिएफ जवळ येऊन नुसता रोखून उभा राहिला, तर उसळलेला रियू हवेत असहाय असतो आणि खाली येताच त्याची पुरी वसुली होते. म्हणून झँगिएफच्या दडपणात थांबणे हेही एक हत्यार आहे. मातीत समोरच्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून खडाखडी करणारे वस्ताद हे लगेच ओळखतील.

भीतीचे गणित

आता मोलाचा प्रश्न. हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाने १९२८ साली सिद्ध केले, की एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी अशा दोघांच्या खेळात, निवडी मोजक्या असतील तर, प्रत्येकाला आपल्या निवडींचे असे एक मिश्रण सापडते की समोरच्याने काहीही केले तरी त्याहून वाईट होत नाही. आपला प्रसंग ह्याच जातीचा आहे. समजुतीसाठी काही आकडे धरू.

रोखणारा पकडीत सापडला तर झँगिएफला ३० गुणांचा लाभ. पकड टाकली आणि समोरचा उडाला तर झँगिएफ उघडा पडतो. २० ची हानी. तडाखा मारला आणि समोरच्याने रोखला तर कोणाचेच काही नाही. तडाखा मारला आणि समोरचा उडत होता, तर २० चा लाभ.

झँगिएफ नेहमी पकडू लागला तर समोरचा नेहमी उडेल आणि झँगिएफ दर खेपेस २० गमावील. नेहमी तडाखे मारू लागला तर समोरचा रोखत बसेल आणि हाती शून्य. मिश्रण काढले तर उत्तर येते: ७ खेपांत २ वेळा पकड आणि ५ वेळा तडाखा. असे केले तर समोरचा रोखो वा उडो, झँगिएफला दर खेपेस सरासरी साडेआठ गुण मिळतात. बचाव करणाऱ्याचे उत्तम मिश्रण ७ पैकी ४ वेळा रोखणे आणि ३ वेळा उडणे.

पकड हे सर्वांत भयंकर हत्यार, तरी ते ७ पैकी २ वेळाच वापरायचे, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आता पकडीचा लाभ दुप्पट, म्हणजे ६० केला तर? कोणालाही वाटेल की मग ती अधिक वेळा टाकावी. गणित उलट सांगते. आता ५ खेपांत एकदाच पकडायचे आणि चारदा तडाखा. सरासरी लाभ मात्र १२ वर जातो. कारण समोरचा आता ५ पैकी ३ वेळा भीतीनेच उडतो, आणि उडणाऱ्याला तडाखा पुरतो. पकड जितकी भयंकर, तितकी ती कमी वापरावी लागते. तिची नुसती शक्यता बाकीच्या साध्या हत्यारांना धार लावते. झँगिएफचा तो क्षुद्र हलका ठोसा समोरच्याला घाम फोडतो, तो ह्यामुळेच.

वाट किती बिकट

इतके असूनही झँगिएफला सर्वश्रेष्ठ म्हणता येत नाही. हे सारे हातभर अंतरावरचे वैभव आहे आणि ते अंतर गाठणे हीच त्याची खरी कसोटी. गाइल नावाचा अमेरिकन सैनिक दुरून तेजाचे चक्र सोडत बसतो; धालसिम लांबलेल्या हातापायांनी त्याला वाटेतच थोपवतो. जुन्या खेळात धालसिमशी गाठ पडली की झँगिएफचे खेळाडू आधीच उसासा टाकत. वाटेत दहा तडाखे खाऊन जवळ पोहोचावे, एक अंदाज चुकावा, आणि पुन्हा पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडावे, हे त्याच्या नशिबी नित्याचे. पकड साधली तरी पुष्कळदा दोघांत पुन्हा अंतर पडते आणि वाटचाल नव्याने सुरू होते.

निर्मात्यांनी त्याला ह्याची थोडी भरपाई दिली आहे. ‘स्ट्रीट फायटर सहा’मध्ये इतर बहुतेकांना १०,००० प्राणशक्ती आहे, झँगिएफला ११,०००. वाटेत खावा लागणारा मार धरूनच तो हिशेब केलेला दिसतो. प्रतिस्पर्धी पडद्याच्या कोपऱ्यात सापडला तर मात्र सारे फिरते. तेथे मागे सटकायला जागा नसते, एक उत्तर कमी होते, आणि झँगिएफला फार चालावे लागत नाही. कोपऱ्यात त्याचे दडपण पहिल्या प्रतीचे, मोकळ्या मैदानात मध्यम, आणि पडद्याच्या टोकाला असताना जवळजवळ शून्य, असा माझा निवाडा आहे. म्हणून झँगिएफचा खरा जाणकार पकडीच्या मागे धावत नाही; तो प्रतिस्पर्ध्याला वीतवीत मागे रेटत कोपऱ्याकडे नेतो.

डाव की दगा?

आता नातवांच्या भांडणाचा न्याय. माझ्या मते कसोटी एकच: समोरच्यापाशी तोड आहे का? तोड असेल तर तो डाव; तोडच नसेल तर दगा. झँगिएफच्या पकडीला उडी ही तोड आहे, मागे सटकणे ही तोड आहे, उसळता ठोसा ही तोड आहे. प्रत्येक तोडीलाही पुन्हा तोड आहे, पण म्हणून ती तोड नाहीशी होत नाही. ज्याने तिन्ही खेपांस एकच उत्तर दिले आणि त्या एकाच उत्तराला तिन्ही वेळा बक्षीस मागितले, त्याने लबाडीची तक्रार करू नये.

इतिहासही ह्याच बाजूचा आहे. साध्या पकडीविषयी पुष्कळ कुरबूर होती, आणि कॅपकॉमने १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर दोन टर्बो’मध्ये तिची धार बोथट करण्याची सोय दिली, वेळेवर बटण दाबले तर पडणारा अर्धामुर्धा सावरतो. पुढे साधी पकड पुरतीच सोडवता येऊ लागली. झँगिएफची ही खास पकड मात्र २०२३ च्या खेळातही सोडवता येत नाही. मला ह्यात पक्षपात दिसत नाही. साधी पकड सर्वांना फुकट मिळालेली आहे. झँगिएफने आपल्या पकडीचे मोल मंद चाल, बोजड देह आणि अस्त्रहीन हात ह्यांनी आधीच चुकते केलेले आहे.

आणि नुसते रोखत बसणाऱ्याला काहीच शासन नसेल तर काय होते, हेही मल्लविद्येच्या चाहत्यांना सांगायला नको. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला गामा आणि झिबिस्को ह्यांची कुस्ती झाली. झिबिस्को देहाने प्रचंड. पण गामाचा जोर पाहताच त्याने चटईला जे पोट लावले ते अडीच तासांहून अधिक वेळ तसेच. कुस्ती बरोबरीत सोडावी लागली. ठरलेल्या फेरकुस्तीला झिबिस्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. लंडनच्या प्रेक्षकांनी त्या अडीच तासांत काय पाहिले? एक बचाव, ज्याला नियमांत उत्तर नव्हते. ओसाकाच्या यंत्रात पकड आहे ती अशी वेळ येऊ नये म्हणून. जो केवळ झाकून बसतो त्याला उठायला लावणे, हे पकडीचे काम आणि झँगिएफचे खेळातले स्थान.

इंदूरकराला मी एवढेच सांगितले, की पुढच्या खेपेस एकदा तरी उडी मार. त्याने मारली आणि लारियटने टिपला गेला. त्यानंतर तो बराच वेळ गप्प बसून नुसता समोर पाहत होता. माझ्या मते खरा खेळ त्याला तेथपासून कळू लागला.

ज्यांच्या घरी मुले हा खेळ खेळतात त्यांनी क्षणभर मागे उभे राहून पाहावे. झँगिएफ असेल तर त्याने किती वेळा पकडले ते मोजू नये. तो जवळ उभा असताना समोरच्याने विनाकारण किती उड्या मारल्या, किती वेळा घाबरून भलतेच बटण दाबले आणि किती पावले मागे कोपऱ्याकडे सरकला, ते मोजावे. ह्या मल्लाचे मोल त्या आकड्यांत आहे.